भानामती सोडून दुसरा शब्द

९ एप्रिल १९८६
गल्लीतल्या महांतप्पाची दुसरी म्हैस बी गेली! पोट फुगलं, तोंडाला फेस, थरथरली अन् आडवी. गल्ली म्हणती, भानामती! बोट शेजारच्या सिताबाईकडं. एकटी बाई, तिच्या बाजूनं कोण बोलणार? रविवारी पंच तिला गावाबाहेर काढणार म्हणं. माझी नात शरणम्मा कॉलेजातनं आली, म्हणाली, "अव्वा, लायब्ररीत बघते."

१० एप्रिल
मी बी गेले संगं. लाकडाचे खणच खण, आत नुसती कार्डं, शब्दाशब्दानं लावल्याली पुस्तकांची नावं! तिथल्या माणसाला मी पयल्यापासनं सांगाय लागले — म्हैस कुठल्या बाजारात घेतली, शिंगं कशी झ्याक... तो म्हणाला, "आजी, एवढ्या लांब नावाचं पुस्तक न्हाय." शरणम्मा कानात, "अव्वा, गोष्ट नको. शब्द पाहिजे."

आधी 'भानामती' बघितलं. निघाल्या भुताच्या गोष्टी! "भानामती शोधली की भानामतीच सापडणार," शरणम्मा म्हणाली. मग 'म्हैस' — खण भरून, सगळं दुधाचं. 'फेस' — कायबी न्हाय. मग खणांवरच्या चिठ्ठ्या वाचत गेली. "अव्वा, पुस्तकवाले म्हशीला पशुधन म्हणत्यात!" पशुधन, त्यात विषबाधा. एकच कार्ड! बारकं पुस्तक निघालं. पोट फुगणं, फेस, थरथर, सगळं त्यात. कशानं? तर खताच्या युरियानं!

कासार हाताला बांगडी बघतो तसं केलं पोरीनं — ही ढिली, ही अडकती, ही बसली! माझं पोट भरलं बघूनच. जेवायचं राहिलं ते घरी आल्यावर कळलं.

११ एप्रिल
शरणम्मानं महांतप्पाच्या बायकोला, मल्लम्माला, इचारलं, "काकू, युरियाची पोती धुतली का?"

"धुतली की. वाकळंला आस्तर पाहिजे हुतं. पाणी कुठं टाकू ह्या दुष्काळात? म्हशींपुढं ठिवलं—" अन् तोंडावर हात.

महांतप्पानं राहिलेल्या पाण्याची बादली उचलून बाजूला ठिवली. पंचातले श्रीपतीआबा कुरकुरले, "पुस्तकात कायबी लिवत्यात."

"मग राहिलेलं पाणी तुम्ही प्या की, आबा!"

आबा कशाला पितात! लई हसले मी. काय पोर हाय!

१३ एप्रिल
रविवार. पंच जमलेच न्हाईत.

१४ एप्रिल
सिताबाई आली. शरणम्माचा हात धरला. "पोरी, माझे मालक बी असेच एका दिसात गेले. तवापासनं मीच खाल्लं म्हणत्यात. मलाबी तसंच वाटाय लागलंय. त्यांचं मरण कुठल्या शब्दात निघंल?"