धडधड बसल्यावरही शीतलच

आष्टी मुक्कामी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या तीर्थस्वरूप भागवतमामांना, कुंभार पिंपळगावहून भाचा हरिओम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

माझं आयुष्य कोणत्या क्षणी बदललं ते आधी सांगतो, ख्यालीखुशाली मागून विचारतो. जालन्याच्या डॉक्टरनी माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "गीळ." मी आवंढा गिळला. त्या आवंढ्यापासून मी दुसरा माणूस झालो. तुम्ही कसे आहात? मामींचे गुडघे काय म्हणतात? तुम्ही मला फोनवर ब्लॉक केल्यामुळं हे सगळं कागदावर विचारावं लागून राह्यलं, पण त्याचा राग नाही (हल्ली येतच नाही, कारण पुढं आहे).

आपलं या विषयावरचं पहिलं बोलणं तुम्हाला आठवत असेल. केदारखेड्याच्या शीतलशी लग्न करायचं म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "त्या पोरीचा गळा सुजेल हाय, थायरॉइडवाली हाय. असली सून घरात आणता व्हय?" त्यावर मी जे बोललो ते, तुम्ही आईचे सख्खे भाऊ असल्यामुळं, पुन्हा लिहीत नाही. बाबा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. तुम्ही नाही म्हणालात आणि आमच्या घरात विषय बंद झाला. शीतल म्हणजे कॉलेजात माझ्याच वर्गात होती ती. ती पास होऊन बाहेर पडली, मी मध्येच बाहेर पडलो (सरांच्या अंगावर धावून गेलो हे खरं, पण सुरुवात सरांनी केल्ती).

तर तुमचं तोंड बंद करायचं म्हणून मी मोबाइलवर अभ्यास केला. गळा सुजतो तो आयोडीन कमी पडलं की, आणि समुद्रातल्या शेवाळात आयोडीन बक्कळ, एवढं वाचलं आणि पुढचं वाचायला धीर निघाला नाही. शेवाळाच्या गोळ्यांचा डबा मागवला आणि तडक केदारखेड्याच्या बसस्टँडवर. शीतलनं डबा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "माझी गोळी डॉक्टरनी देल्ली हाय. सकाळी उपाशीपोटी घेते, सूज बी उतरून राह्यली. हे समुद्रातलं गवत तू खा." मंग काय! रागाच्या भरात तिच्यासमोर दोन गोळ्या तोंडात टाकल्या. आणि उरलेला डबा? आपल्या घरात पैसे मोजून आणलेली वस्तू फेकायची रीत नाही (बैलाचं उरलेलं औषधही शेळीला पाजतात). रोज सकाळ-संध्याकाळ इमानदारीनं खाल्ला, संपल्यावर दुसरा मागवला.

आणि मामा, मला प्रेम झालं! आधी होतंच, पण आता अंगात आलं. छातीत गिरणी चालल्यासारखी धडधड, हात थरथर, डोळ्याला डोळा नाही, दोन भाकरी जास्त खाऊनही पँट ढिली, ऐन थंडीत घामाच्या धारा. कंडक्टरशी भांडलो, शेजारच्या कडूबाच्या कोंबड्याशी भांडलो, तुम्हाला फोन करून पुन्हा भांडलो (तेव्हाच तुम्ही ब्लॉक केलं). आईला वाटलं कोणी करणी केली, बाबांना वाटलं पोरगं नशा करून राह्यलं. मला एकट्याला खरं माहीत होतं की हे शीतलपायी आहे, आणि सांगताना छाती फुगायची. तिला मात्र पटलं नाही. हातातल्या चहाच्या कपातून अर्धा चहा माझ्या चपलेवर सांडलेला पाहून ती म्हणाली, "प्रेमात माणूस कविता करतो, चहा सांडत न्हाई. चल माझ्या डॉक्टरकडं."

तिथं तो आवंढा. मंग रक्त तपासलं. थायरॉइड वाढून सुटलं होतं, माझं! डॉक्टरनी गोळ्यांचा डबा पाहून कपाळाला हात लावला आणि विचारलं, घरात मीठ कोणतं? आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, खडे मीठ, तेही तीन पाण्यानं धुऊन गच्चीवर वाळवलेलं, "धुतल्याबिगर वापरायला आम्ही काय आळशी हाव?" डॉक्टर हसून हसून खुर्चीत मागं गेले. म्हणाले, खडे मिठात आयोडीन घातलेलं नसतं, असलंच थोडंफार तर तेही तुम्ही धुऊन टाकलं. वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेल्या गळ्याला या पोरानं एकदम पंगत वाढली. कमी पडलं तरी बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. आता पाकिटातलं आयोडीनचं मीठ, तेही बेतानं, आणि शेवाळ बिलकुल बंद. (ते खडे मीठ दर दिवाळीला बहिणीला गोणीनं कोण पाठवतं, हे मी डॉक्टरना सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरात.)

माझ्या गोळ्या सुरू झाल्या, पण बाहेर आल्यावर शीतल उभीच राहिली. म्हणाली, "मंग मला पाहून जी धडधड व्हायची, ती माझी का त्या गवताची?" मामा, कॉलेजात एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "आधी धडधड बसू दे. बसल्यावर बी मी लागत असले तर ये. लागत नसले तर फोन कर, बसचा खर्चा करू नको."

मी खरा घाबरलो तो तेव्हा. गोळीगणिक छाती शांत व्हायला लागली. झोप लागली, पँट घट्ट झाली. कंडक्टरनं सुटे दिले नाहीत तर मी "राहू द्या" म्हणालो. आणि एका सकाळी शीतलची आठवण काढली, तर छातीत काहीच हललं नाही. बैलासारखी शांत. मला रडू आलं. गेलं म्हटलं सगळं, गोळीनं पोरगीच पुसली.

तरी थायरॉइड जागेवर आल्याचा डॉक्टरचा नवा कागद घेऊन केदारखेड्याला गेलो. ती आली, घरच्या म्हशीनं कसा गोंधळ घातला ते सांगायला लागली, आणि मामा, पहिल्यांदा मला तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू आलं! आतापर्यंत गिरणीच्या आवाजात अर्धं वाया जात होतं. पोरगी काय बोलते हो! मी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर तिनं माझं मनगट धरलं, नाडी पाहिली आणि म्हणाली, "बराबर हाय. आता बोल." मी म्हणालो, लग्न करायचंय. नाडी जागची हलली नाही. ती म्हणाली, "गोळीवरचा माणूस म्हणून राह्यला म्हणजे खरं असंल. हो."

जिंकलो, मामा! थायरॉइडला हरवून जिंकलो.

आपला आज्ञाधारक,
हरिओम

ता. क. फोनवर तुम्हाला बोललो त्यातला निम्मा राग थायरॉइडचा होता, निम्मा माझा. थायरॉइडच्या वाट्याची माफी मागतो.

ता. क. दुसरा. रविवारी केदारखेड्याला बोलणी करायला तुम्ही यायचं आहे. विनंती नाही, शीतलच्या वडलांना तुमचं नाव सांगून मी मोकळा झालोय.

ता. क. तिसरा. आईचं रक्त तपासलं. तिचं थायरॉइड कमी निघालं. थायरॉइडवाली बाई घरात नको असं तुमचं म्हणणं असेल, तर रविवारी येताना मोठी गाडी आणा, बहिणीला परत न्यावं लागेल. मामी आईला फोनवर सांगत होत्या, तुम्ही भर वैशाखात स्वेटर घालून गल्ल्यावर बसता आणि आवाज जड झालाय. तुम्हीही एकदा गळा दाखवा.

ता. क. शेवटचा. बाबा ओसरीवरून विचारून राह्यले, कुठं निघाला? म्हणालो, केदारखेड्याला, रविवारी मामा येणार ते पक्कं करायला. ते म्हणतात, मामाचा होकार तर येऊ दे. मी म्हणालो, तो माझ्या मागून येईल. आता पाकीट चिकटवतो, चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. हळूच, आई झोपलेली आहे.