बिनव्हिसाचे चौदा दिवस

मी, यशोदा विठ्ठल तांडेल, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय पाहुण्यांसाठी घरगुती खोल्या व जेवण, राहणार मौजे देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. लिहिताना माझ्या मागे कोणी उभे नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. माझ्या हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत आणि येत्या पंधरवड्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. डोके मात्र शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मालवणचे वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एक पान पुरे. कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा." मी म्हटले, "का दिले ते नाही लिहिले, तर माझ्या मागे लोक आपल्या मनाचे लिहितील." म्हणून पाने वाढली आहेत.

१. वारसांबद्दल. माझे पती विठ्ठल ट्रॉलरवर खलाशी होते. १९९४ साली ते समुद्रातच गेले. आम्हाला मूल नव्हते. तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी मला रिक्षात बसवून देवबागला माहेरी आणून सोडले. त्यानंतर एकतीस वर्षांत त्यांच्यातल्या कोणी 'जगली की मेली' एवढेही विचारलेले नाही. वकीलसाहेब सांगतात की मृत्युपत्राशिवाय मी गेले, तर माझ्या कमाईचे घर कायद्याने त्यांच्याकडे जाऊ शकते. ते होऊ नये, हे या लिखाणाचे पहिले कारण. दुसरे कारण रेनाटो.

२. रेनाटो कोण, ते येथे स्पष्ट करते, कारण पुढील कलमांत त्याचे नाव येते. २००१ ते २०१३ मी मस्कतच्या एका इस्पितळात आया होते. तो तिथेच गॅसच्या नळ्या, एसी आणि फ्रीज सांभाळायचा. फिलिपिन्समधल्या इलोइलो गावचा. बायको पोरीला टाकून दुसऱ्याबरोबर निघून गेली होती. पोर त्याच्या आईकडे वाढत होती. आम्ही दोघेही मोडके इंग्रजी बोलायचो आणि दोघांचे मोडलेले भाग वेगवेगळे होते, त्यामुळे भागायचे. शुक्रवारी मासळीबाजारात फिरायचो. तो मला त्यांच्याकडच्या माशांची नावे सांगायचा, मी आमच्याकडची. सात वर्षे असे चालले. माझ्या पूर्ण आयुष्यात मला कोणी सात वर्षे रोज 'जेवलीस का' असे विचारलेले नाही, त्याच्याशिवाय.

लग्न का केले नाही, असे ज्यांना विचारायचे आहे त्यांच्यासाठी: त्यांच्या देशाच्या कायद्यात त्याला घटस्फोट मिळत नाही. बायको कुठे आहे हे माहीत नसले तरी कागदावर ती बायकोच. त्यामुळे मला पत्नी म्हणून व्हिसा मिळण्याचा मार्ग कधीच नव्हता. २०१३ साली माझी आई राधाबाई पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि मी देवबागला परत आले. पुढच्या वर्षी तो त्याच्या गावी गेला. दोघांनाही वाटले होते, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे.

३. सोने. माझ्याकडे सोने नाही. माझ्या मागे कपाटे उचकटू नयेत, म्हणून लिहिते. मस्कतच्या कमाईच्या चार बांगड्या होत्या. दोन २०१६ साली पहिल्या भेटीला गेल्या आणि दोन या वर्षी शेवटच्या भेटीला. सोनाराने दोन्ही वेळेस विचारले, "घरात लग्न आसा काय?" दोन्ही वेळेस मी हो म्हटले.

४. कट्टा गावच्या बाजारात एसटी थांब्यासमोर सिद्धेशचे संगणकाचे दुकान आहे. माझे लाकडी टेबल, दोन खुर्च्या आणि इन्व्हर्टर त्याला द्यावा. माझे तीनही अर्ज त्याने भरले आणि छपाईच्या कागदाशिवाय काही घेतले नाही. पहिला अर्ज भरताना तो थांबला.

"काकी, हय विचारल्यानी, ज्येका भेटूक जातास तेचा नि तुमचा नाता काय? काय घालू?"

"काय काय आसा थय?"

"नवरो, बापूस, भाव, झील, कामाचो मालक. आणि 'इतर'."

"इतर घाल."

त्याने माझ्याकडे बघितले नाही. 'इतर' टाकले आणि पुढच्या रकान्यात गेला. वयाने तेव्हा तो बावीस-तेवीसचा असेल. एवढी माणुसकी मी मोठ्यांत बघितली नाही.

त्या वेळी, २०१६ साली, इलोइलोला नऊ दिवसांची भेट झाली. बांबूच्या तट्ट्यांवर मासळी वाळत होती, नारळाच्या झापांचे कुंपण होते. मला वाटले, चालत शेजारच्या तारकर्लीलाच आले की काय. निघताना रेनाटो म्हणाला, पुढच्या वेळी जास्त दिवस. २०१९ साली मी परत अर्ज केला. पोस्टातली आवर्ती ठेव मोडून पैसे खात्यात दाखवले. अर्ज नाकारला गेला. कारण दिले होते की अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री पटत नाही. घरी आई अंथरुणावर, तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे, आणि त्यांना माझ्या परतण्याची खात्री पटत नव्हती. तो कागद मी फाडला नाही. अर्जाची फी परत मिळत नाही, हे तळाला बारीक अक्षरांत असते.

५. माझा भाऊ शंकर बाबी केळुसकर याच्याविषयी. त्याला माझ्या घरात वा पैशात हिस्सा नाही. कारण पुढीलप्रमाणे.

२०१८ च्या जानेवारीत रेनाटो देवबागला आला, अठ्ठावीस दिवसांसाठी. तिकिटासाठी त्याने दोन वर्षे लोकांचे फ्रीज दुरुस्त केले होते. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते, ती मी केली. संध्याकाळी शंकर अंगणात आला.

"गो यशोदे, गावान बघता. पाव्हणो आसा, तर पाव्हण्यासारखो रवांदे. खोलीचा भाडा घे नि वयीत लिही. नायतर लोकांका मी काय सांगू?"

मी म्हटले, "लोकांका सांग, तुझ्या भयणीचो माणूस इलोहा."

"माका जमाचा नाय," तो म्हणाला.

आईला त्रास नको म्हणून मी वाद सोडला. खोल्या तेव्हा आम्हा दोघांच्या सामाईक धंद्यात होत्या. हिशेब शंकर ठेवायचा. रेनाटोने अठ्ठावीस रात्रींचे भाडे मोजून शंकरच्या हातात ठेवले. मला खूण केली, राहू दे. नंतर त्याच शंकरचा मासळीचा मोठा फ्रीझर बंद पडला, तो रेनाटोने दोन दिवस उकिडवे बसून दुरुस्त केला. शंकरने त्याला साधे सोलकढीचे भांडे पुढे केले नाही. फ्रीझर अजून चालतो.

आईने मात्र तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावले. "तो कोण गो?"

"मित्र माझो."

"मित्र इतक्या लांबसून कित्याक येतलो?" मग म्हणाली, "तेका तिखट सोसना नाय. उद्या तेच्यासाठी नारळाचा दूध घालून कर." आई २०२२ साली गेली. एवढे बोलणे माझ्या नावावर ठेवून गेली.

जाताना सामानाचे वजन जास्त भरले, म्हणून रेनाटो त्याची हत्यारपेटी माझ्याकडे ठेवून गेला. पुढच्या खेपेला लागेलच, म्हणाला. ती पेटी मी शंकरला देते. पाने, पकडी, गॅस मोजायचे घड्याळ, सर्व जिन्नस त्यात आहेत. फ्रीझर कधी ना कधी बंद पडेल. तेव्हा ती पेटी उघडावी आणि कोणाचे हात तिला लागले होते ते आठवावे. याउपर माझे त्याच्याशी भांडण नाही. विहिरीकडे जायची त्याची वाट माझ्या हद्दीतून आहे, ती कोणी बंद करू नये.

६. पुढची खेप झाली नाही. २०२० च्या एप्रिलचे त्याचे तिकीट होते आणि विमानेच बंद झाली. ज्या एजंटाकडून ते काढले होते त्याने पैसे अडकवले, मग फोन बंद केला. त्याला मी माफ केलेले नाही आणि मरतानाही करणार नाही. २०२१ च्या मे महिन्यात वादळ आले, घराचे अर्धे छप्पर खाडीत गेले, आणि भेटीसाठी साठवलेले पैसे पत्र्यात आणि वाशांत गेले. फोनवर मी रडले तेव्हा तो म्हणाला, "बरे झाले. आता तुझ्या डोक्यावर माझे छप्पर आहे." नंतर त्याच्या मुलीचे, लोर्नाचे, बाळंतपण अवघड झाले आणि त्याचे साठवलेले पैसे तिकडे गेले. मीही तेच म्हटले असते, पण मला तसे बोलता येत नाही.

साडेसात वर्षे आम्ही एकमेकांना फोनच्या काचेत बघितले. पर्यटकांना मी रोज ताटे वाढली, नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना डॉल्फिन बघायला होडीत बसवले. परत आले की ती पोरे फोटो दाखवायची. मी 'छान' म्हणायचे आणि आत जाऊन पिठाचा डबा पुसत बसायचे.

७. घर. मौजे देवबाग येथील तीन गुंठे जागा व त्यावरील घर, दोन पाहुण्यांच्या खोल्यांसह, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. शंकरबरोबरचा धंदा २०१९ साली रीतसर वेगळा झाला, त्याचा कागद जोडला आहे. ही मिळकत माझी भाची समीक्षा शंकर केळुसकर हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमते. तिने लग्न करावे की नाही, कोणाशी करावे, घर विकावे की ठेवावे, हे तिला कोणी विचारू नये. तिचा पासपोर्ट मी काढून दिला आहे.

८. बँकेतील मुदत ठेव व बचत खाते. शस्त्रक्रियेचा व माझ्या क्रियाकर्माचा खर्च वजा जाता जे उरेल, ते रेनाटोच्या औषधांसाठी व देखभालीसाठी लोर्नाकडे दर महिन्याला पाठवावे. परदेशी पैसे पाठवण्याचा नियम बँक सांगेल, त्याप्रमाणे करावे. वर्षभर पुरेल, काटकसरीने दीड. याला कोणी हरकत घेतल्यास त्याने आधी एकदा व्हिसाचा अर्ज भरून बघावा.

९. देखभाल का, ते सांगते. या वर्षी जानेवारीत रेनाटोला झटका आला. उजवे अंग गेले. लोर्नाने कळवले. मी कट्ट्याला धावले आणि सिद्धेशला म्हटले, भर अर्ज. खात्यात पुरेसे नव्हते, हमीपत्र नव्हते, पत्र लिहिणाऱ्याचा हातच लुळा पडला होता. अर्ज अर्ध्यावर राहिला. आणि जूनमध्ये सिद्धेशचा फोन आला. तो ओरडतच होता.

"काकी, व्हिसा काढून टाकल्यानी! आपल्या लोकांका आता लागना नाय. चौदा दिवस. नुसतो पासपोर्ट नि परतीचा तिकीट!"

मी त्याला तीनदा वाचायला लावले. मग उरलेल्या दोन बांगड्या घेऊन सोनाराकडे गेले.

ऑगस्टमध्ये पोचले. तो खिडकीशी खाटेवर होता, केस पांढरे झालेले. मला बघून रडला आणि काहीतरी बोलला. मला कळेना. लोर्ना म्हणाली, "आता यांना इंग्रजी येत नाही. झटक्यात ती भाषा गेली. फक्त आमची बोली राहिली आहे."

"काय म्हणतात?"

"विचारतात, व्हिसा मिळाला का?"

मी त्याचा डावा हात धरला. इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता. तोंडातून आले ते मालवणीच आले. "आता लागना नाय रे. आता कोण विचारना नाय."

पहिले दोन दिवस लोर्ना इंग्रजीतून इकडचे बोलणे तिकडे करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सोडून दिले, तिला पोर बघायचे होते. त्यानंतर तो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या. मी त्याला आईचे शेवटचे दिवस सांगितले, वादळ सांगितले, शंकरने भाड्याच्या पैशांतून घेतलेला पंखा सांगितला. मस्कतला सात वर्षे जे बोलायला शब्द नव्हते, तेही सांगितले. तो मान हलवायचा, मध्येच लांबलचक काही सांगायचा आणि हसायचा. काय सांगत होता, देव जाणे. पण इतके कोणी माझ्याशी आयुष्यात बोललेले नाही.

पंधरावा दिवस मिळत नाही, मी चौकशी केली होती. निघताना 'जातंय' म्हणायचे नसते, म्हणून 'येतंय हां' म्हटले. त्याने डावा हात वर केला आणि रिक्षा वळेपर्यंत खाली घेतला नाही. परत आल्यावर महिन्याने माझ्या छातीत कळ आली.

१०. शेवटचे कलम समीक्षासाठी आहे. ते कायद्यात बसत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. तरी लिहिते.

घरी आल्यापासून दर रविवारी साडेचारला मी लोर्नाच्या फोनवर फोन लावते. तिकडे तेव्हा सात वाजलेले असतात, त्याचे जेवण झालेले असते. ती फोन त्याच्या उशीशी ठेवते. मी बोलते, तो ऐकतो, मग तो बोलतो. माझ्या पश्चात हा फोन तू लावावास. परवा तुला मी हे सांगितले तेव्हा तू विचारलेस, "आते, मी काय बोलू तेच्याशी?"

काहीही बोल. काय मासे गावले, खोलीत कोण उतरले, खाडीला किती पाणी चढले.

"पण तो माका वळखतलो?"

नाही. पण फोनवर तुझा नि माझा आवाज घरच्या माणसांनाही वेगळा करता येत नाही. चित्र बंद ठेव आणि मालवणीतच बोल. मी गेले हे त्याला सांगू नये, लोर्नालाही मी तसे कळवून ठेवले आहे. तो मध्ये थांबून, आवाज चढवून काही विचारील. ते तुला समजणार नाही. मलाही समजत नव्हते. तू 'होय' म्हण.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात काही कमी करावेसे वाटत नाही. खाली सही करणाऱ्या दोघांना या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. त्यांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली.

स्थळ: देवबाग, ता. मालवण
दिनांक: २ डिसेंबर २०२५

(सही) यशोदा विठ्ठल तांडेल

साक्षीदार:
१. (सही) धोंडू रघुनाथ मोंडकर, निवृत्त पोस्टमन, देवबाग
२. (सही) सारिका महेश धुरी, आरोग्यसेविका, देवबाग