हौद्याचं माप चुकलं, त्याची हकिगत

तीर्थस्वरूप दादा यांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दशः घ्यावं. पिकअपच्या हौद्यात ताठ बसलं की ताडपत्री डोक्याला लागते, म्हणून पालथा पडून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर जुनी मास्तरकी आठवून लाल शाई काढू नये.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? डॉक्टरांनी तुम्हाला जिने चढू नका म्हणून बजावलं होतं आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, त्याचं पुढे काय ठरलं? माझं म्हणाल तर मी मजेत आहे. म्हणजे पत्रात तसं लिहितात.

"भावजी, दुकान आणि घर सोडून जरा बाहेर पडा, मोकळ्या हवेत झोप लागेल," असं तुम्हीच फोनवर म्हणाला होतात. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला आहे? दुकानाला कुलूप ठोकलं आणि गिऱ्हाइकांच्या गाद्या पोचवायच्या त्याच पिकअपमध्ये बिऱ्हाड टाकून पाच दिवस एका तळ्याकाठी पडलो आहे. लोक इथे तंबू घेऊन येतात, पोरंबाळं आणतात, चेंडू खेळतात. मी एक गादी, एक रजई, एक स्टोव्ह आणि स्वतः, एवढंच आणलं.

गादीवाल्याला झोप येत नाही, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण दिव्याखालीच अंधार असतो. तुमची बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तीन महिन्यांसाठी, आणि त्याला आता अकरा महिने झाले. (नात हल्ली धरून धरून उभी राहते, असं कळतं.) दादा, ती निघाली त्या दिवशी तिची बॅग उचलताना मी सहज गंमत केली. म्हटलं, "जा बाई, तीस वर्षांनी का होईना, एकदाचा पाय पसरून झोपेन." तुम्हाला ठाऊक आहे, तिला पाठीला पाठ टेकवून झोपायची खोड. भांडण झालं तरी पाठ टेकवायचीच, आणि झोपेत रेटत रेटत मला अशी कडेला आणायची की माझा एक पाय रात्रभर जमिनीवर. यावर मी तीस वर्षं कुरकुर केली, ती तीस वर्षं हसली. त्या दिवशी मात्र हसली नाही. "झोपा," एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. त्या एका शब्दावर मी अकरा महिने जागा आहे. फोन येतो तेव्हा ती विचारते, "झोप लागते ना नीट?" आणि मी म्हणतो, "मस्त." काय म्हणणार? आपणच बोलून बसलो होतो.

असो, मुद्दा गादीचा. माझ्या दुकानात फळ्यावर काय लिहिलंय ते तुम्हीच सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं: दोनदा मापा, एकदा कापा. गिऱ्हाइकाने पलंगाचं माप तोंडी सांगितलं तर मी ते कानाआड करतो आणि स्वतः जाऊन टेप लावतो. पण पिकअप माझी स्वतःची. बारा वर्षं तिच्यातून गाद्या नेतोय, तिला काय मापायचं? वरून काठापासून काठापर्यंत टेप धरली आणि फोम कापून मोकळा झालो. आता गंमत अशी, की बारा वर्षं मी गाद्या नेल्या त्या सगळ्या उभ्या. आडवी गादी त्या हौद्यात कधी पडलीच नव्हती. त्यामुळे तळाला दोन्ही बाजूंना चाकांवरचे दोन फुगवटे आहेत आणि ते हातभर जागा खातात, हे मला तळ्याकाठी पोचल्यावर समजलं. गादी दोन्हीकडे फुगवट्यांवर चढली आणि मध्ये खोलगट झाली. पहिली रात्र मी त्या खोलगटात पाळण्यातल्या नातीसारखा काढली, फक्त झोका द्यायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत कायम असलेल्या अवजारांच्या पेटीतून दुकानातली लांब सुरी काढून फुगवट्यांच्या मापाचे तुकडे कापायला बसलो. इथली राखण एक बाई करतात, शिट्टी गळ्यात आणि नजर करडी. त्यांनी काय पाहिलं, तर एकटा माणूस, ताडपत्री ओढलेली गाडी, हातात वीतभर सुरी, आणि आत काहीतरी जाडजूड, ज्यावर तो घाव घालतोय. त्यांनी लांबूनच विचारलं, "काका, आत कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही हो, तीच तर अडचण आहे." याने त्यांचा संशय फिटला नाही. गादी उचलून दाखवावी लागली. मग त्यांनी गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एकटेच आहात, तर एवढी मोठी गादी कुणासाठी?" दादा, माप चुकलं, असं सांगितलं.

गादी बसली, पण गाडी उतारावर आणि डोकं उताराच्या बाजूला! पहाटेपर्यंत मी घसरत केबिनच्या पत्र्याला जाऊन भिडलो आणि अंगातलं सगळं रक्त डोक्यात उतरलं. (तरी अक्कल आली नाही, असं तुम्ही म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकतो.) मग चाकांखाली चपटे दगड सरकवून पाणी भरलेला पेला हौद्यात ठेवला आणि पाणी समतल होईपर्यंत गाडी पुढेमागे केली. लांबी कमी पडत होती म्हणून मागचा फाळका उघडा ठेवला, तर पाय बाहेर राहिले आणि मोजे दवाने ओले. ताडपत्री गच्च बांधली, तर सकाळी आतून तोंडावर पाणी ठिबकू लागलं. पाऊस म्हणावा तर बाहेर ऊन. राखणदारबाई म्हणाल्या, तो तुमचाच श्वास आहे, कोपरा उघडा ठेवत जा. एका माणसाच्या श्वासाचं एवढं पाणी होतं, हे मला या वयात कळलं.

आणि चौथ्या रात्री झोप लागली. कशी, ते लिहायला थोडा संकोच वाटतोय, पण तुमच्याशिवाय सांगू कुणाला? थंडी होती, म्हणून डावीकडच्या फुगवट्याला रजई गुंडाळली आणि त्याला पाठ टेकवून पडलो. हलता येईना, जागा पुरेना, आणि डोळा लागला तो दहाला राखणदारबाईंनी पत्रा वाजवून मी जिवंत आहे का ते पाहिलं तेव्हा उघडला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. उठलो आणि मला रडू आलं. त्या बाईंना वाटलं पाठ धरली. त्यांनी मलम आणून दिलं, ते मी लावलंही.

तेव्हा तुमचा सल्ला लागू पडला, हे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. लोभ आहेच, तो आणखी वाढवायला हौद्यात जागा नाही.

तुमचा,
गादीवाला

ता. क. यातलं एक अक्षरही तुमच्या बहिणीला सांगू नका. मी मस्त झोपतो, असं ती धरून चालली आहे.

ता. क. दुसरा. रविवारी तुमचा तिला फोन असतो. विषय निघालाच, तर फुगवट्याचं सांगितलंत तरी चालेल. रडण्याचं नको. (बरं, तेही सांगा.)

ता. क. तिसरा. तळं कुठलं, ते लिहायचं राहिलं. लेकीच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. निव्वळ योगायोग. तीनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन आलो. गॅलरीत नातीचे कपडे वाळत होते. एकदा तुमची बहीण ते काढायला आली. मी गाडी मागे घेतली.

ता. क. शेवटचा. पाकीट काल बंद केलं नाही ते बरं झालं. काल राखणदारबाईंनी फळ्या दिल्या. फुगवट्यांच्या वर त्यांचा सपाट माचा केला, कापलेले तुकडे सुईदोऱ्याने पुन्हा गादीला शिवले. (मी काही टाकत नाही, हे तिला माहीत आहे.) आता गादी काठापासून काठापर्यंत सपाट, दोन माणसं ऐसपैस झोपतील. माझ्या हातची सगळ्यात चांगली गादी असेल. रात्री तिच्यावर पाय पसरून पडलो आणि सकाळपर्यंत ताडपत्री बघत राहिलो. तेव्हा दादा, तिला एवढंच सांगा. पाय पसरून झोपून पाहिलं. जमत नाही. सोमवारपर्यंत मी इथेच आहे, आणि कडेला झोपतोय.