फलश्रुतीचं पान

मु. पो. डोणगाव, ता. मेहकर
भाद्रपद, १९६३

तीर्थस्वरूप उत्तमराव भाऊजींच्या पायी धाकटा मेहुणा शालिग्राम याचा दंडवत.

इकडे मी, पुष्पा, म्हैस आणि सार्वजनिक वाचनालय असे चौघे सध्या ठीक आहोत. चौथं किती दिवस ठीक राहील ते खाली लिहितो. सिंधूताईचा गुडघा कसा आहे? (माझ्या बहिणीला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड नको, हे मी तेव्हाच बोललो होतो, पण मेहुण्याचं कोण ऐकतं.) पत्र पुण्याला जायचं म्हणून शुद्ध लिहून राह्यलो. मध्येच आपली बोली शिरली तर पाहुणी समजून तिला बसायला पाट द्या.

तुम्ही गेल्या वर्षी वाचनालयाला दिलेल्या चार पुस्तकांची चौकशी केलीत. भाऊजी, डोणगावात पुस्तक नुसतं वाचून ठेवत नाहीत, त्याला कामाला लावतात. चित्रकलेचं पुस्तक पंजाबरावांनी नेलं आणि पोळ्याला त्यातलं अख्खं तळं, हंसांसकट, बैलाच्या पाठीवर उतरवलं. वास्तुकलेचं उकंडरावांनी नेऊन गोठ्याला कमान बांधली. ती इतकी देखणी झाली की त्यांची म्हैस तिच्याखालून जायला बुजते, मागच्या खिंडारातून जाते आणि कमानीखालून फक्त पाहुणे जातात. रोजच्या घरगुती जीवनावरचं तिसरं पुस्तक आमच्या पुष्पानेच नेलं. पुरुषाने आपलं अंथरूण आपण उचलावं असं त्यात छापलं आहे म्हणे. मी आखाजीच्या सणापासून उचलतो आहे. ही तिन्ही पुस्तकं मी हातापाया पडून कपाटात परत आणली.

आणली, कारण येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी बुलढाण्याहून तपासणीला साहेब येणार आहेत. शिक्का मारलेलं एकेक पुस्तक ते डोळ्यांनी पाहणार. मागच्या खेपेला दोन कमी निघाली तेव्हा लेखी ताकीद मिळाली होती. यंदा एक जरी कमी निघालं तरी वाचनालयाची मान्यता गेली, आणि चिटणीस म्हणून माझं नाक गेलं ते वेगळंच. कमी आहे ते चौथं. म्हणजे तुमचा कवितासंग्रह.

तो हरवलेला नाही. मारुतीच्या देवळात चौरंगावर आहे, त्याला रोज फूल वाहतात. झालं असं की पार्सलमध्ये त्याचं वेष्टण फाटलं होतं, म्हणून मी त्याला उरलेल्या लाल कापडात बांधून ठेवलं. दरसाल देवळात पोथी लावतात त्या जनकाबाई. यंदा त्यांच्या पोथीला वाळवी लागली. त्या वाचनालयात आल्या, मी नेमका मेहकरला, आणि त्यांना अक्षरओळख नाही. लाल कापड दिसलं, नमस्कार केला, घेऊन गेल्या. वाचायला बसले निवृत्त गुरुजी अर्जुनराव. पहिल्या पानावरच त्यांना कळलं की पाणी कुठे मुरतं आहे, पण समोर चाळीस बायका हात जोडून बसलेल्या. ही पोथी नव्हे असं म्हणायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी खाकरून वाचलं आणि वर अर्थही सांगितला.

तुमच्या कवितांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत (हा दोष मी पूर्वीच दाखवला होता), त्यामुळे एक्केचाळीस कवितांचे एक्केचाळीस अध्याय झाले. तुम्ही लिहिलं आहे की सखी खिडकीत उभी आहे आणि चहा निवून चालला आहे. गुरुजी म्हणाले, सखी म्हणजे जीव, खिडकी म्हणजे देह, आणि चहा म्हणजे आयुष्य, तेव्हा बायांनो, निवायच्या आत नाम घ्या. मी मेहकरहून परतलो आणि तिसऱ्या दिवशी हे ऐकलं. हसू दाबायला खांबामागे जाऊन उभा राहिलो.

सातव्याला मात्र हसू आलं नाही. वडील गेल्यावर दाराशी राहिलेल्या त्यांच्या वहाणांवर तुम्ही लिहिलं आहे, तो. जनकाबाईंचे यजमान तुळशीराम जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यांच्या वहाणा अजून आढ्याला टांगलेल्या आहेत. जनकाबाई म्हणाल्या, “याले कसं कळलं बाप्पा माह्या घरातलं?” आणि तो अध्याय पुन्हा वाचायला लावला. भाऊजी, मले खरंच रडू आलं. तीन वर्षांत आपलं पुस्तक कोणी उघडलं नाही, आता लिहिणं सोडतो, असं तुम्ही चैत्रात लिहिलं होतं. ते सोडू नका.

परवा एक्केचाळिसावा झाला. पुस्तक परत मागायला गेलो तर जनकाबाई म्हणतात, “समाप्तीबिगर पोथी हालत नाई. तुह्या साह्यबाले म्हनावं, इथंच येऊन आयक.” आणि समाप्ती होत नाही, कारण पोथीला फलश्रुती नाही. वाचणाऱ्याला काय फळ मिळतं ते न सांगता पोथी संपेलच कशी? म्हणजे, गावाच्या मते, शेवटचं पान फाटलं. ते कोणी फाडलं? ज्याने पुस्तक लाल कापडात लपवलं त्याने. सध्या मी देवळावरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो. लहानांना आशीर्वाद.

आपला,
शालिग्राम

ता. क. दुसरी प्रत पाठवू नका, शिक्का त्याच प्रतीवर आहे. उलट टपाली फक्त अकरा ओव्यांची फलश्रुती पाठवा, जुनाट पिवळ्या कागदावर. गुडघेदुखी जाते, लेकी सुखी राहतात, हे येऊ द्या. एक ओवी मात्र नक्की हवी, की पोथी बुधवारी दिवस मावळायच्या आत वाचनालयात पोचती न केल्यास फळ अर्धंच मिळतं.

ता. क. दुसरा. लाल कापडात बांधेपर्यंत तुमच्या संग्रहाने कपाटाचा आखूड पाय तोलून धरला होता. वेष्टण पार्सलात फाटलं नव्हतं.

ता. क. तिसरा. पोथी लिहिणारे महाराज कुठे असतात, असं जनकाबाईंनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की त्यांनी समाधी घेतली. त्यामुळे समाप्तीला तुमच्या पुण्यतिथीचा प्रसाद आहे. (हे पत्र सिंधूताईच्या हाती लागू देऊ नका.) यायचं असेल तर जरूर या, पण नुसते शालिग्रामचे भाऊजी म्हणून या आणि मागे बसा. सातवा अध्याय त्या पुन्हा वाचायला लावणार आहेत. तेव्हा डोळे पुसावे लागले तर बेलाशक पुसा, इथे कोणालाही शंका येणार नाही.