टिपकीचे टाके

देवगाव रंगारी,
ता. ४ डिसेंबर १९६१

ती. जैतुनआपा यांस,
द्वारकेचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं आणि उत्तराला थंडी उजाडली, म्हणून कान धरते. इथं सगळी खुशाल. यांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त कुरकुरतात. ताहेराला शाळेत कायम केलं हे वाचून लई आनंद झाला. आमच्या अंगणात नाक पुसत पाढे म्हणणारी पोरगी आता दुसऱ्यांच्या पोरींना पाढे शिकवती!

आता कामाचं. घरात एक टिपकी कोंबडी आहे. दोन-चार दिवस झाले, दाणा टाकला की बघती आणि मान फिरवती. मधूनच गळा लांब करून तोंड उघडती. गळ्याखाली, छातीच्या वरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ आली आहे. दाबली तर मळलेल्या कणकेसारखी लागती. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं कापून खा आणि मोकळ्या व्हा. पण ही कापायची नाय. तुम्ही इथं होता तवा सगळा गाव आजारी कोंबडी घेऊन तुमच्या दारात यायचा. काय करावं ते उलट टपाली कळवा.

दूर राहूनही जसा जीव लावता तसाच लावत राहा.

आपली धाकटी,
द्वारका

---

जुना बाजार, औरंगाबाद,
ता. ८ डिसेंबर १९६१

चि. सौ. द्वारकेस,
जैतुनबीच्या लाख दुवा. वि. वि.

मी बोलते आणि ताहेरा लिहिती. मधी मधी ती माझी भाषा सुधारती, तिकडं लक्ष देऊ नको. थंडीमुळं रजया भरायचं काम जोरात आहे. नाकातोंडात कापूस, आणि शिंकले की पोरगी म्हणती, अम्मी, बर्फ पडला.

तुझी कोंबडी ऐक. ती गाठ नाय. कोंबडी दाणा गिळती तो आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो, भिजतो, मग खाली उतरतो. लांब गवत, सुतळी, कडब्याचं चिपाड गिळलं की पिशवीचं तोंड बंद होतं. संध्याकाळी दाणा काढून घे आणि सकाळी हात लावून बघ. निरोगी कोंबडीची पिशवी सकाळी रिकामी, पोचट लागती. हिची भरलेलीच असली तर अडकलंय. चोचीचा वासही घे. आंबूस घाण आली तर आत नासायला लागलंय.

दाणा पुरता बंद कर. कोमट पाणी आणि गोडंतेल चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोड. मग पिशवी बोटांनी हलकी हलकी चोळ, बाळाचं पोट चोळतो तशी. आतला गोळा फुटला पायजे. कुणी म्हणंल, उलटी धरून ओकव. तसं करू नको, पाणी श्वासात जाऊन जाग्यावर मरती. पिशवी उतरली की चिमूटभर दहीभात दे. दाण्याची घाई नको.

एक विचारू? तुझा नवरा गळ्यात माळ घातल्यापासून अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हता. त्याच्या घरात कोंबडी कशी नांदायला लागली? माळ तुटली का तुझी जीभ लांब झाली?

तुझ्या घरादारावर खुदाची नजर राहो, आणि तुझी आमच्यावर.

जैतुनआपा

---

देवगाव रंगारी,
ता. १३ डिसेंबर १९६१

ती. आपांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवशी पिशवी मऊ पडली, दहीभात टिपला, अंगणभर फिरली. आम्ही खूश झालो. पण दोन दिवसांत गाठ पुन्हा आली आणि आता आधीपेक्षा टणक आहे. चोचीला वासही येतो. अंग वाळून नुसती पिसं उरली आहेत. आता पुढं काय?

आणि आपा, तुम्ही विचारलंच आहे तर खोटं पुढं ओढवत नाय. कोंबडी माझी नाय. ती आमच्या चुलत सासूबाईंची, वच्छलाकाकींची आहे. यजमान तात्यासाहेब वारल्यापासून काकी त्या मोठ्या घरात एकट्या आहेत. दोन्ही पोरं पुण्याला, सणालासुद्धा येत नाहीत. त्यांच्याशी बोलायला ही टिपकी तेवढी आहे. ताटाशेजारी बसती, काकी उठल्या की मागं मागं चालती. ती आजारी पडल्यापासून काकींनीही अन्न टाकलं आहे. त्यांचं दोन वेळचं मीच बघते, म्हणून मला बघवंना.

त्यांचं नाव घातलं तर तुम्ही पत्र पुरतं वाचणारही नाय, हे मला माहीत होतं. रागावून का होईना, उत्तर द्या.

आपली,
द्वारका

---

जुना बाजार, औरंगाबाद,
ता. १७ डिसेंबर १९६१

द्वारके,

या पत्राला दुवा नाय. ताहेरा म्हणती राग उतरला की लिहू, मी म्हटलं आत्ता लिही.

तू लहान सून होतीस, घरातलं सगळं तुला माहीत नसंल. म्हणून सांगते. पोलीस ॲक्शनच्या साली आम्ही जिवाच्या भीतीनं भर दुपारी गाव सोडलं. माझ्या कोंबड्या मी वच्छलेच्या अंगणात सोडल्या, कारण ती स्वतः वेशीपर्यंत आली, माझा हात धरून म्हणाली, माझ्या समजून सांभाळीन. दोन महिन्यांत ताहेराचे अब्बा इथं अंथरुणाला खिळले. हकीम म्हणाला, अंगात जीव नाय, कोंबडीचा शोरबा पाजा. शहरात आमची ओळख ना पाळख. मी मालमोटारीनं आणि पुढं पायी देवगावला आले. माझ्याच कोंबड्यांतली एक मागितली. तुझी काकी दारात आडवी उभी राहिली, कोल्ह्यानं सगळ्या नेल्या म्हणाली, आणि दार लावून घेतलं. उकिरड्यावर माझ्या लाल कोंबड्याची पिसं पडली होती. कोल्हा बसून पिसं उपटतो का गं?

आठवड्यात सरदारमियाँ गेले. शोरब्यानं वाचले असते, असं मी म्हणत नाय. पण शेवटपर्यंत ते दाराकडं बघत होते, जैतुन कोंबडी घेऊन येईल म्हणून, आणि मी रिकाम्या हातानं त्यांच्या उशाशी बसले होते.

आता तिला बसू दे तसं. समोर जीव तडफडतोय आणि आपल्या हातात काही नाय, हे कसं असतं ते तिला बघू दे. तेरा वर्षं मी हेच मागितलं, आणि तू मला फसवून माझ्याच हातानं तिच्या कोंबडीला औषध पाजलंस.

तरी जगवायचीच असंल तर आता तेलपाण्यानं भागायचं नाय. पिशवी चिरावी लागंल. ती मी चिरीन. पण तिनं स्वतः यावं. एकटीनं, दिवसाउजेडी, पाटी डोक्यावर घेऊन, आणि माझ्या गल्लीत सरदारमियाँचं घर कुठं म्हणून चार दारं विचारत यावं. जमत नसंल तर मरू दे.

जैतुनबी

ताईस ताहेराचा सलाम. अम्मीनं हे सांगताना हातातली रजई तीनदा उसवली. तुम्ही काकींना पाठवू नका, असं मला वाटतं. इथं त्यांचं भलं होणार नाही.

---

देवगाव रंगारी,
ता. २१ डिसेंबर १९६१

ती. आपांस,
सा. न.

तुमचं पत्र मी काकींना एकही शब्द न गाळता वाचून दाखवलं. कोल्ह्याचं वाक्य आलं तवा त्यांनी डोळे मिटले. नंतर एवढंच विचारलं की औरंगाबादची गाडी सकाळी कधी सुटती. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणाल्या, एकटीला बोलावलंय, एकटीच जाईन. माणसात नसलेली बाई आहे, आपा. शेवटचा प्रवास तात्यासाहेबांच्या अस्थी घेऊन केला होता. उद्या निघतील.

तुम्हाला काय करायचं ते करा. मी तुम्हाला फसवलं, याची शरम आहे. पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा फसवीन.

द्वारका

---

जुना बाजार, औरंगाबाद,
ता. २३ डिसेंबर १९६१

चि. सौ. द्वारकेस,

काल ती आली. दुपारची वेळ, गल्लीतल्या सगळ्या बायका उन्हाला बसलेल्या. सरदारमियाँचं घर कुठं, म्हणून ती विचारत आली. नाव नीट उच्चारलं. मी दारातूनच बघत होते, पण मी इथं आहे असं म्हटलं नाय. तिला पुढच्या गल्लीपर्यंत जाऊ दिलं आणि परत येऊ दिलं.

म्हातारी झाली आहे गं ती. मी मनात जिला रोज शिव्या घालत होते ती जाडजूड, हातभर बांगड्यांची होती. ही कुणी दुसरीच वाटली. म्हणून मला जास्तच राग आला. खुदानं माझं माणूस नेलं आणि माझी वैरीणही जाग्यावर ठेवली नाय.

बस म्हटलं नाय. पाणी दिलं नाय. ती आपणच उंबऱ्यावर टेकली. कोंबडी फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, धर. पिसं उपटली, हळद लावली, नव्या ब्लेडनं आधी वरची कातडी आणि मग पिशवी चिरली. आत छपराचं गवत आणि सुतळीचा गुंता, नासून काळा पडलेला. कोंबडी ओरडली, तरी वच्छलेनं सोडली नाय. सगळं काढलं, कोमट पाण्यानं धुतलं, सुईत रेशीम ओवलं. आणि मग सुई खाली ठेवली.

मी म्हटलं, आता सांग, माझ्या कोंबड्या कुठं गेल्या. ती म्हणाली, जैतुन, आधी हिला शिव, मग काय ते विचार. मी म्हटलं, नाय. ती म्हणाली, लई वर्षं झाली. मी म्हटलं, मला वेळ आहे, तुझ्या कोंबडीला नाय. गल्ली सगळी ऐकत होती. ताहेरा मागून माझा पदर ओढत होती. खरं सांगते, मला त्या घडीला बरं वाटत होतं.

मग ती बोलली. म्हणाली, तात्यासाहेबांकडं माणसं जेवायला यायची, त्यांनी एकेक कापायला लावली. मी म्हटलं, हे मला माहीत आहे. तवा ती म्हणाली, सगळी माहिती नाय तुला. तू आलीस त्या दिवशी एक उरली होती. चुलीमागं बांधलेली. तुझा आवाज ऐकून ती फडफडली. मी दार लावून आत पळाले आणि तू अंगणातून जाईपर्यंत तिची चोच मुठीत दाबून धरली. तात्यासाहेब घरात होते, पण त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. मी माझ्याच मनानं दाबली. का, ते आजपर्यंत कळलं नाय.

द्वारके, मी तेरा वर्षं समजत होते की मी उशिरा पोचले. उशिरा नव्हते पोचले. कोंबडी होती. दाराच्या आत होती.

मी सुई उचलली. आतली पिशवी वेगळी शिवली, वरची कातडी वेगळी. एकदम शिवली तर दोन्ही चिकटतात आणि पुन्हा अडकतं. टाके सरळ आले, हात एकदाही हलला नाय. काम संपल्यावर तिनं पाटी पुढं केली. मी म्हटलं, ही आता माझी. तुझ्याकडं एक येणं होतं, ते फिटलं. वाटलं, रडंल, भांडंल. तिनं कोंबडीच्या डोक्यावर एक बोट फिरवलं, रिकामी पाटी उचलली आणि गेली.

मी तिला सोडलं नाय, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

जैतुनआपा

---

देवगाव रंगारी,
ता. १२ जानेवारी १९६२

ती. आपांस,
सा. न. वि. वि.

काकी त्या संध्याकाळी स्टँडवरून रिकामी पाटी घेऊन आल्या. संक्रांतीचं दळण घेऊन गेल्या आठवड्यात गिरणीत बायका जमल्या होत्या. सरूबाईनं सहज विचारलं, टिपकी मेली का. काकी म्हणाल्या, मेली नाय, जिची होती तिच्याकडं गेली. आणि मग तिथंच, जात्या-सुपाच्या गप्पा थांबवून, सगळं बोलल्या. चोच दाबल्याचंसुद्धा. तात्यासाहेबांचं नाव गावात अजून हात जोडून घेतात, त्या नावाचं त्यांनी काही राखलं नाय. काल पुण्याहून थोरल्याचं रागाचं पत्र आलं, म्हातारपणी बापाची अब्रू का काढलीस म्हणून. काकींनी ते चुलीत घातलं.

मी दोघींवरही रागावले आहे. तुम्ही उघडी जखम समोर ठेवून बोलतं केलं, ते मला आवडलं नाय. आणि त्यांनी केलं ते ऐकल्यापासून त्यांचं ताट वाढताना माझा हात जड होतो. तरी वाढते. संध्याकाळी त्या सवयीनं अंगणात दाणे टाकतात आणि चिमण्या खातात. परवा मला विचारत होत्या, टाके सुटले का. टिपकीला एकदा बघायला येऊ का, असं तुम्हाला विचारायला सांगितलं आहे. परत मागणार नाय म्हणाल्या.

राग धरा, पण माझा धागा तोडू नका.

द्वारका

---

जुना बाजार, औरंगाबाद,
ता. ६ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. द्वारकेस,
दुवा. वि. वि.

टाके गळून पडले. टिपकी दाणा टिपती, ताहेराच्या वह्यांवर बसती, परवा पहिलं अंडं दिलं. मी ते हातात घेऊन लई वेळ बसले. खाववलं नाय. शेजारच्या ओल्या बाळंतिणीला दिलं.

तू विचारशील, आता गार वाटतं का. नाय वाटत. तिनं गिरणीत सांगितलं ते बरं केलं, पण मी माफ केलं असं तिला सांगू नको, खोटं होईल. मी अजून तिच्या मुठीत ती चोच बघते.

येऊ दे तिला. या खेपेला घर विचारत फिरायला नको, ताहेरा स्टँडवर उभी राहील. बसायला चटई टाकीन, चहा करीन, टिपकी मांडीवर देईन. कोंबडी देणार नाय.

राग माझा, माया तुझी. दोन्ही सांभाळून घे.

जैतुनआपा