पुढाऱ्याचा नंबर शेवटी

राजूदादा,

तू गेल्यावर पोट्ट्यायनं मले तुया जागी युवा मंडळाची अध्यक्ष केलं.

फवारणीच्या मास्क-चष्म्याच्या किट चारच, अन् फवारणारे आपले सोळा जण. म्हणून तूच विहाराच्या भिंतीवर लाल रंगानं नियम लिहलता: पुढाऱ्याचा नंबर शेवटी. नंबर मी लावत होती. त्या सकाळी किट एकच उरली, अन् जाणारे दोघं, तू अन् भीमराज. मी म्हटलं, "दादा, आज तू घे." तू हासला. "भीमराजले दे." मी देल्ली. काहून ऐकलं मी तुयं? तू तोंडाले नुसता रुमाल बांधून कपाशीत विषारी औषध फवारायले गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून तुले पांढऱ्या चादरीत आणलं.

भीमराज अजून माह्याकडे पाहत नाही.

सगळे म्हणतात, नियम राहू दे, दादाची आठवण हाये. आज मी त्या भिंतीसाठी चुना कालवला. आता किट नसंल तर फवारणी नाही, पुढाऱ्यानंही नाही. बोंडअळीनं सारा कापूस खाल्ला तरी चालंल.

तुयं अक्षर तीनदा चुन्यातून वर आलं, दादा. चौथ्यांदा मी डोये मिटून हात फिरवला.

आता तुयं न ऐकणारी,
दीपा