शेवटच्या दोन ओळी

हॅलिफॅक्स, २८ डिसेंबर १९५७

ती. एडिथताईस,

क्लॅरेन्सचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच घातला आहे, चालवून घे). खोकला कसा आहे? व्हिटबीचा वारा आणि तुझी मांजर दोघंही पूर्वीइतकीच बोचकारत असतील असं धरून चालतो. आता मूळ गोष्ट. मी तुझ्याकडे राहायला येत नाही. मागची खोली खुशाल भाड्याने दे. माझं डोकं शाबूत आहे आणि त्याचा पुरावाही मिळाला आहे.

ऑक्टोबरात मी तुला घाबरून लिहिलं होतं ना? किटली कपाटात आणि टोपी शेगडीवर ठेवायला लागलो होतो. आता बघ, चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना हसवतोय. अकरा चित्रपट केले. चारांत वेटर, सहांत हवालदार आणि एकात नुसती पाठ (पण पाठीचं कौतुक झालं). बसमध्ये अजून कुणीतरी विचारतं, "अहो, ते सूप सांडणारे तुम्हीच ना?" नाव एकालाही ठाऊक नाही. पण नाताळच्या नाटकातली जाडी स्वयंपाकीणबाई एकोणीस वर्षं मीच आहे, आणि पाठांतर गेलं म्हणजे तीही गेली. मग मी जगून काय करायचं, हे मला खरंच कळत नव्हतं.

आमचा नियम तुला माहीतच आहे. नाटकाच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कुणी उच्चारायच्या नाहीत, नाहीतर नाटक पडतं. (सदतीस साली एकाने त्या आंघोळ करताना म्हटल्या, तर पहिल्याच प्रयोगाला राजवाडा कोसळला, तोही आत दोन नट असलेल्या कापडी गाईवर.) म्हणून त्या पुस्तकातही नसतात. आमचे मॅनेजर अर्नशॉ त्या वेगळ्या कागदावर लिहून, ज्याने म्हणायच्या त्याच्याच हातात देतात.

परवा पहिला प्रयोग झाला. सगळं झकास चाललं होतं. राजकन्येचं लग्न लागलं, सगळे रांगेत उभे राहिले, मी पुढे येऊन तोंड उघडलं आणि आत काहीच नाही! विंगेतली प्रॉम्प्टरबाई भराभरा पानं उलटतेय, पण तिला तरी काय सापडणार? ताई, मला तुझी मागची खोली दिसायला लागली, भिंतीच्या कागदावरच्या फुलांसकट. मग काय सुचलं कोण जाणे, मी त्या ओळी शोधायलाच लागलो. पिठाच्या डब्यात पाहिलं, राजाच्या मुकुटाखाली पाहिलं, स्वतःच्या घागऱ्याखाली पाहिलं (तिथे मीच दचकलो). प्रेक्षकांतली पोरं किंचाळायला लागली, "मागे बघ! ए बाई, मागे!" मागे गाय उभी. म्हटलं, "अगं, तुला तरी आठवतंय का?" गाईने डोक्याने होकार दिला आणि शेपटीने नकार. (मागच्या पायांत सिरिल असतो, पुढच्या पायांतल्या नटाशी त्याने दोन महिने अबोला धरलाय.) असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. पडदा पडल्यावर मी खोलीत जाऊन रडलो.

काल सकाळी अर्नशॉ दारात हजर, हातात बायकोने केलेला आख्खा केक. म्हणाले, "क्लॅरी, माफ कर बाबा. तुला तो कागद दिल्याचं मला काही केल्या आठवत नाही. वय झालं रे माझं!" मी त्यांना मिठीच मारली. जे मिळालंच नाही ते विसरणार कसं? मी त्यांना मोठ्या मनाने क्षमा केली आणि केक एकट्याने संपवला. किती दिवसांनी शांत झोप लागली म्हणून सांगू! तेव्हा तूही काळजी सोड.

तुझा (पूर्ण शुद्धीवर असलेला) धाकटा भाऊ,
क्लॅरेन्स

ता. क. स्वयंपाकीणबाईची पर्स शिवायला घरी आणली होती. या पत्रासाठी पोस्टाचं तिकीट शोधताना आत्ता ती उघडली, तर आत चौघडी घातलेला एक कागद. दोन ओळी, आणि खाली माझ्याच अक्षरात, 'मिळाल्या. पाठ झाल्या.'

ता. क. २. अर्नशॉंना सांगायला हवं, नाहीतर बिचारे स्वतःच्या डोक्याची धास्ती घेऊन बसतील. उद्या नक्की सांगतो. (विसरलो तर आठवण कर.)

ता. क. ३. ते शोधणं लोकांना इतकं आवडलं की आता फेब्रुवारीपर्यंत रोज करायचंय, अगदी तसंच, त्याच क्रमाने. लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचीस, तसं हे म्हणून घ्यायला महिनाभर येशील का? मांजर आणलीस तरी चालेल. आणि ती मागची खोली इतक्यात कुणाला देऊ नकोस.